आण्णांचं धोतर

"आण्णा, हितंच बसा. हलू नका, आलेच मी," असं सांगून प्रियदर्शनीनं आजोबांना सांगली स्टँडवर तासगावच्या फलाटासमोर बाकावर बसवलं, तेव्हा साडेअकरा वाजले होते. आण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं आणि उजव्यानं आधीपासून अंधुक दिसायचं. दवाखान्यातून त्यांना घरी आणायचं काम आईनं मोठ्या भरवशानं हिच्यावर टाकलं होतं. पोरगी बारावी सायन्सला, शिवाय सांगलीत कॉम्प्युटर शिकणारी.

कसलं शिकणं. नव्व्याण्णव सालच्या दिवाळीपासून बाईसाहेब क्लास बुडवून स्टँडमागच्या सायबर कॅफेत चॅटिंग करत होत्या. पलीकडे कुणी रोहित होता. तिथं ही प्रियदर्शनी नव्हतीच, पुण्याची नेहा होती. जेवणावरचं लक्ष उडालं होतं, पूर्वपरीक्षेत तीन विषय उडाले होते. एखाद्या दिवशी जाता आलं नाही की घरच्यांवर डाफरायची, मग पांघरुणात तोंड खुपसून रडायची.

आज पाचच मिनिटं बसायचं, आज बोलायला जमणार नाही एवढं रोहितला कळवायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण रोहितनं विचारलं, घरी कोण कोण असतं? पटका बांधणारे, भेटेल त्याला जयभीम घालणारे आण्णा नेहाच्या घरात काही बसेनात. तिनं लिहून टाकलं, आजोबा कर्नल होते, गेल्या वर्षी वारले. रोहितला फार वाईट वाटलं. त्याचं ते सांत्वन वाचत ती बसून राहिली आणि बाहेर आली तेव्हा सव्वातीन झाले होते.

आण्णा त्याच बाकावर होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, सोडलेला पटका मांडीवर दाबून धरलेला. शेजारच्या बाईला सांगत होते, "नात कॉम्प्युटर शिकतीया. काम निगालं आसंल." प्रियदर्शनीचा आवाज ऐकला आणि त्यांनी मान खाली घातली.

"लय येळ धरून ठिवलं, बाय. पन तू हलू नका म्हनलीस. उठलो आन् तेवढ्यात तू येऊन गेलीस तर?"

पटक्याखाली धोतर ओलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझं चुकलं, आण्णा."

"तुजं कसलं? घरी तेवढं सांगू नगंस. सुनंफुडं मान वर करता यायची न्हाई मला."

म्हणजे आता कुणी काही विचारणार नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं आणि बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी आईनं उशिराचं कारण विचारलं. "गाडी चुकली," आण्णाच म्हणाले, "आन् पान्याची बाटली सांडली धोतरावर." खरं सांगून टाकावं, आईनं चार थोबाडीत द्याव्यात, असं प्रियदर्शनीला फार वाटलं. पण तिचं सांगायचं तर आण्णांचंही सांगावं लागणार होतं.

आण्णांनी बदललेलं धोतर उचलायला आई वाकली, तशी तिनं ते झटकन ओढून घेतलं. "राहू दे, मी धुते."

न्हाणीत ती धोतर पिळत होती. बाहेर शेजारच्या भामाबाई विचारपूस करायला आल्या होत्या आणि आण्णा त्यांना सांगत होते, "नात संगं व्हती म्हून निभावलं बगा."

तिनं पिळलेलं धोतर पुन्हा साबणात बुडवलं.