सात नसलेलं घड्याळ

"सही इथं कर. इथं नाही गं, खालच्या रकान्यात," तपासबाई म्हणाल्या आणि खिडकीतून आत आलेल्या हाताकडे बघतच राहिल्या.

हात सोळा वर्षांच्या मुलीचा होता. मनगटावर चौकोनी तबकडीचं जुनं घड्याळ होतं आणि त्या तबकडीवर सातचा आकडा पार पुसून गेलेला होता.

शाळेतली मुलं कुणाच्या घरी जाऊन धाकट्यांच्या शिकवण्या घेणार असतील, तर त्यांची चौकशी करून दाखला देणं हे या खिडकीचं काम. बाईंना सगळं कार्यालय तपासबाई म्हणायचं. पोरांच्या चेहऱ्यांकडे त्या फारसं बघत नसत, कागद बघत. आज कागद बाजूला राहिला.

"घड्याळ छान आहे," त्या म्हणाल्या.

"आजीचं आहे," मुलगी खूश झाली. "याचा आमच्याकडे मोठा किस्सा आहे. बाबा लहान होते ना, तेव्हा त्यांना घड्याळ बघायला शिकवायला एक ताई यायची. बाबांना आला कंटाळा. त्यांनी काय करावं? घड्याळच लपवलं, पावसाळी बुटात! चार दिवसांनी सापडलं. अजून सगळे पोट धरून हसतात."

"आणि ती ताई?"

"कोण?"

"शिकवायला यायची ती."

"ते नाही माहीत," मुलगी म्हणाली. किस्स्यात तो भागच नव्हता.

चार दिवस! तपासबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं त्या समजत होत्या की घड्याळ खरंच कुणीतरी नेलं असेल. ती ताई म्हणजे त्याच, तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्या घरच्या बाईने त्यांचं मनगट धरलं, भर दारात, शेजाऱ्यांदेखत त्यांची पिशवी उलटी केली. पिशवीतून निघाली एक वही आणि दोन पेन्सिली. तरी ती बाई त्याच संध्याकाळी या कार्यालयात येऊन तक्रार देऊन गेली. कार्यालयाच्या वहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईने शेरा पडला, 'शिकवण्यास अयोग्य'. शिक्षिका व्हायचं होतं त्यांना, दुसरं काही नकोच होतं. शेरा बघून अध्यापक विद्यालयाने अर्ज परत केला. पुढे याच कार्यालयाने त्यांना कागदांचे गठ्ठे बांधायला ठेवून घेतलं. शिकवायला अयोग्य, गठ्ठे बांधायला योग्य! गठ्ठ्यांवरून त्या खिडकीपर्यंत आल्या, आणि या खिडकीत बसून रोज मनात एकच म्हणत आल्या, एकदा ती बाई समोर येऊ दे.

"पालक कोण आलंय?"

"आजी. बाकावर बसलीय."

"बोलव तिला."

आजी आली ती तणतणतच. "किती वेळ लावता हो? सोमवारी हिची शिकवणी सुरू व्हायचीय. त्या मुलांच्या आईला दाखल्याशिवाय चालत नाही म्हणे. आमच्या घराची कसली चौकशी करायची? सगळा रस्ता ओळखतो आम्हाला."

"अठराच्या आतल्या पोरांचं काय तपासणार? म्हणून घर तपासतो." बाईंनी खालच्या खणातून एक जाडजूड वही काढली. पान शोधावं लागलं नाही. इतक्यांदा उघडलेलं, की आपोआपच उघडलं. "तुमच्या पत्त्यावर एक तक्रार आहे. तुम्हीच केलेली. घड्याळचोरीची."

"अगंबाई, ते होय! ते मिळालं की मग."

"चार दिवसांनी. मग तक्रार मागे का नाही घेतलीत?"

"कोण येतंय त्यासाठी पुन्हा इथवर?" आजीने हात उडवला. "आणि एवढा तमाशा केल्यावर शेजाऱ्यांना काय तोंड दाखवणार होते मी? ती पोरगी काय, लागली असेल कुठेतरी कामाला."

"लागली," तपासबाई म्हणाल्या. "इथे लागली."

आजीने आता कुठे बाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"जिथे काहीच नाही, तिथे सात. असं शिकवलं होतं मी तुमच्या मुलाला."

"बाबा अजून तसंच म्हणतात," मुलगी हळूच म्हणाली. घड्याळावर तिने दुसरा हात झाकून घेतला होता.

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. घड्याळ घरातच होतं. माझी तक्रार खोटी होती. मला चार दिवसांत कळलं आणि मी गप्प बसले. खाली पूर्ण नाव आणि सही."

"हे कोण वाचणार?"

"तुमच्या पत्त्याची चौकशी करेल तो प्रत्येक जण."

"म्हणजे नातीला अडवून माझा सूड घेतेस होय?"

"हो," बाई म्हणाल्या. नियमावर ढकलता आलं असतं, पण खोटं कशाला बोलायचं?

आजीचा आवाज एकदम उतरला. "नको गं माझं नाव घालूस. या वयात माझी शोभा का करतेस?"

"मी सतरा वर्षांची होते."

आजीने लिहिलं. उभ्यानेच लिहिलं, बाईंनी खुर्ची दिली नाही. कागद त्यांनी मुलीच्या हाती ठेवला. "मोठ्याने वाच." मागे रांगेत सात-आठ पोरं, त्यांचे आईबाप. सगळे कान टवकारून ऐकत होते. 'गप्प बसले' या शब्दांवर मुलीचा आवाज चिरकला. आजी जमिनीकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तपासबाईंना ते ऐकणं फार गोड लागलं. पुन्हा वाच म्हणावंसं वाटलं.

मग त्यांनी लाल शाईने आजीच्या नावापुढे 'खोटी तक्रार' असा शेरा मारला आणि निळ्या शाईने मुलीचा दाखला भरला. मुलीविरुद्ध काही नव्हतं. तसंच लिहिलं.

मुलीने मनगटावरचं घड्याळ सोडवून खिडकीतून आत धरलं. तिचे डोळे भरले होते. "हे तुम्ही ठेवा."

"घाल ते हातात. माझ्याकडे सापडलं म्हणायला पुन्हा मोकळे व्हाल." मग जरा थांबून म्हणाल्या, "शिकवणीला वेळेवर जात जा. आणि कुणी तुझी पिशवी उलटी करायला लागलं, तर करू देऊ नकोस. तडक इकडे ये."

दोघी गेल्या. मुलगी पुढे, आजी चार पावलं मागे.

तपासबाईंनी रांगेला दोन मिनिटं थांबायला सांगितलं. वहीतला तो जुना लाल शेरा पट्टी लावून खोडला, शेजारी आजीचा कागद चिकटवला. मग एक कोरा दाखला ओढला आणि त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. माहेरचं. अर्जाच्या वेळचं वय, सतरा. शेरा, 'शिकवण्यास योग्य'.

खाली नेहमीची छापील ओळ होती. हजारो दाखल्यांवर सही करताना ती त्यांनी कधी वाचली नव्हती. 'हा दाखला धारकाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत वैध राहील.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि दाखला घडी न घालता पर्समध्ये ठेवला.

"या, पुढचं कोण?" त्या म्हणाल्या.