कण्हेरीचा ग्लास

क्षितिजाचं चित्र बघून मी आधी नाकच मुरडलं. समोर काचेच्या ग्लासात कण्हेरीची फुलं, आणि कागदावर म्हणाल तर नुसते गुलाबी फराटे!

"आई, इम्प्रेशनिस्ट आहे ते," लेक म्हणाली. "फूल नाही काढायचं, फुलावरचा उजेड काढायचा."

"बरं बाई, काढ उजेड," म्हणून मी आंघोळीला गेले. उजेड चांगला म्हणून ग्लास तिने देवघराच्या खिडकीत ठेवला होता.

परत आले तर ती मागल्या दारी ब्रश धूत होती. सहज माझं लक्ष गेलं. चित्रात पाणी काठोकाठ, ग्लासात निम्मंच.

"क्षितिजा, तुझ्या चित्रात काहीच धड नाही. पाणी तरी खरं काढलंस का गं?"

"हो! काठोकाठच भरलेलं मी."

कण्हेर विषारी. आमच्या आगाशी गावात वाडीच्या कुंपणाला लावतात, गुरं तोंड लावत नाहीत तिला. आणि आज सोमवार. सोमवारी शेजारच्या ज्ञानदाकडून अभिषेकाचं तीर्थ येतं, ग्लासात वर फूल घालून. ते आम्ही त्याच खिडकीत ठेवतो.

धावत ओटीवर गेले. हे वाडीतून येऊन झोपाळ्यावर बसले होते. टाळूवरचे केस ओले. तीर्थ घेतलं की ओला हात डोक्यावरून फिरवायचा, ही यांची जन्माची सवय.

"अहो, खिडकीतलं पाणी..."

"घेतलं. आज कडवट लागलं गं जरा," हे म्हणाले आणि तिथेच भडाभडा ओकले.

रिक्षात यांचा हात थंडगार पडला होता. नाडी लागायची, मध्येच हरवायची. ती हरवली की माझा जीव जायचा. "शंकरा, तुझं नाव घेऊन प्यायलेत रे, आता तूच बघ!" क्षितिजा हुंदके देत होती. एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं आणि पोटाशी धरावं असंही. "रडू नकोस मेले, ग्लास नीट धर," एवढंच ओरडले. डॉक्टरांना फुलं दाखवायची होती.

विरारच्या हॉस्पिटलात यांच्या छातीला वायरी लावल्या. पडद्यावरची रेघ उठायची, मग बराच वेळ सपाट. प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं.

दुपार कलल्यावर डॉक्टर म्हणाले, "ठोके सुधारतायत. अर्धाच ग्लास पोटात गेला हे नशीब. सगळा गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." मग यांच्याकडे वाकून विचारलं, "काका, अर्ध्यावर कसे थांबलात?"

यांनी मान माझ्याकडे वळवली. आवाज अगदी खोल गेलेला.

"मंदाची आंघोळ व्हायची होती. तिच्या वाटणीचं ठेवलं."

यांचा हात दोन्ही हातांत धरून मी त्या रेघेकडे बघत बसले. डॉक्टर काही म्हणोत, मला अजून भीतीच वाटत होती.