ओहोटीचा फोन

ठाण्याला दामाजीशेठांच्या पेढीत टेलिफोनचा छोटा बोर्ड होता आणि त्यावर सहा फोन. सातवा जोडायचा होता तो तीन मैलांवर, खाडीतल्या मिठागरावर, आणि तोही तारेशिवाय, कारण चिखलात तारेचे खांब टिकत नव्हते. आदल्या वर्षी उधाणात बांध खचू लागला तेव्हा माणसं मागवायला निरोप्या ठाण्याला धावला. माणसं येईपर्यंत हंगामातलं अर्धं मीठ परत खाडीत गेलं होतं. तेव्हा शेठांनी लष्कराच्या मोडीतले दोन बिनतारी संच घेतले, सरकारी परवाना काढला आणि सुधीरला नेमलं. सुधीर फिजिक्सचा बी.एस्सी. सातवा फोन चालला तर नोकरी कायम. नाही तर संच पुन्हा मोडीत आणि सुधीर पुन्हा कल्याणच्या शाळेत बदली मास्तर.

एरियलचा एक खांब पेढीच्या गच्चीवर लागला. दुसरा म्हणजे एक बांबू, तो मिठागराच्या उघाडीला, पाणी आत घ्यायच्या दाराला, बांधला. त्याचं टोक चिखलापासून अकरा हात वर होतं. सुधीर रोज जाऊन चाचणी घेई.

"उत्तराबाई, ऐकू येतंय?"

"शेजारच्या खोलीतून बोलताय असं वाटतंय," पेढीतला बोर्ड सांभाळणारी उत्तरा म्हणे. "जेवलात का?"

सुधीर वहीत वेळ लिही आणि पुढे 'उत्तम'. सलग सात दिवस 'उत्तम' होतं. शेठ पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला स्वतः येऊन बघणार होते.

सातव्या दिवशी उघाडी राखणारी बायजा म्हणाली, "मास्तर, तुजा यो फोन भरतीला झोपतंय का रं?"

"असं का विचारतेस, मावशी?"

"भरतीला तुला कदी बगलाच नाय. नेमी चिखल तुडवीतच येतंस."

ते खरं होतं. मिठागरावर यायला वाटेत खाडीचा एक फाटा लागे. भरतीला तिथे होडी घ्यावी लागे, आणि सुधीरला पोहता येत नव्हतं. त्याने वही उघडली. साडेअकरा, बारा वीस, एक दहा, दोन. प्रत्येक वेळ आदल्या दिवसापेक्षा पन्नास मिनिटांनी पुढे, ओहोटी सरकते तशी. आपल्याला रोज निघायला उशीर होतो, असंच तो समजत होता. आठवडाभर त्याच्या वहीत चंद्रच हजेरी लावत होता आणि सायन्सच्या पदवीधराला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो धाकू कोळ्याच्या होडीतून आला, दोन्ही काठ घट्ट धरून. उघाडीशी पाणी सात हात चढलं होतं. संचातून नुसती खरखर येत होती. मधेच उत्तराचा एखादा शब्द, पुन्हा खरखर.

"बग," बायजा म्हणाली, "तुजा खांब बुटका झाला."

बिनतारी लहरी पाण्यावरूनच जात होत्या. त्यांच्यापुरती जमीन म्हणजे पाणी. ते सात हात चढलं की अकरा हातांचा खांब चारच हात उरत होता. पुस्तकात हे होतं. सुधीरने ते परीक्षेत लिहून पूर्ण गुणही मिळवले होते.

उद्या साडेपाचला पुन्हा ओहोटीच असणार होती. फोन छान बोलला असता, नोकरीही पक्की झाली असती. पण पुढच्या उधाणात तो मुका झाला असता, आणि गाठ पडली असती ती बायजाशी. सुधीर संध्याकाळी पेढीत गेला.

"शेठ, उद्या साडेपाचला फोन बोलेल. भरतीला बोलत नाही."

शेठांनी पान चावणं थांबवलं. "मंग माज्या काय कामाचा? वहाटीला बांध फुटतंय का कदी?"

"खांब दुप्पट उंच हवा."

"मी दुपारी येतंय, भर भरतीला. नाय बोलला तर संच तूच उचल नि तुज्या वाटेनं जा."

एका रात्रीत एवढा उंच खांब मिळणार कुठे? धाकूच्या दारी मोडक्या होडीची डोलकाठी पडली होती. सकाळी धाकूने ती उघाडीला उभी केली, बायजाने दोर ताणून धरले.

"वायर बांध, मास्तर, पन शीड बांदू नको," धाकू म्हणाला. "नायतर मिठागरच ठान्याला जायल."

साडेबाराला पाणी उघाडीच्या वरच्या फळीला लागलं. शेठांनी फोन हातात घेतला.

"कोन बोलतंय?"

"उत्तरा, शेठ." खरखर होती, पण तिच्या आडून शब्द स्वच्छ येत होते.

"बारा मानसं पाठव. गोनी घेऊन."

"बारा माणसं, गोणी घेऊन," उत्तरा म्हणाली. "खरंच पाठवू?"

"नको."

शेठांनी फोन ठेवला आणि डोलकाठीकडे मान वर करून पाहिलं. सुधीरने वहीत वेळ लिहिली, शेजारी एक नवी रेघ ओढून पाण्याची उंची लिहिली, आणि पुढे 'बरा'.

होडीत चढताना त्याचे हात पुन्हा काठाकडे गेले. शेठांनी ते पाहिलं.

"उद्यापासून होडीतनंच येत जा," ते म्हणाले. "आनि धाकू, याला पवायला शिकव."