जुन्या तारखेचं फोल्डर

रविवारी औषधाचं दुकान बंद ठेवून धाकटा सकाळीच दादाकडे आला. काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर अभ्यास न करता परीक्षेला बसणाऱ्याची कळा. ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे दोन शब्द गेल्या चार दिवसांत त्याने जितके ऐकले होते, तितके उभ्या जन्मात ऐकले नव्हते.

दादा नेहमीसारखा खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून होता. तीन वर्षांत आजाराने त्याचे आधी पाय नेले, मग हात, मग जीभ. उरले डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा, तोही गव्हाच्या दाण्याएवढा सरकणारा. पण गडी हाडाचा मेकॅनिक. कारखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. बोलणं जाणार हे कळल्यावर त्याने रडगाणं गायलं नाही. एक जुना स्मार्टफोन घेतला, त्यातलं होतं नव्हतं ते काढलं आणि त्याच्या पोटात चक्क विंडोज बसवलं. अक्षरं जुळवून मोठ्याने बोलणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा आणि अख्खा लॅपटॉप काही अंगठ्याखाली बसला नसता. फोनचा पडदाही त्याने आपल्या अंगठ्याला ओळखेल असा शिकवून घेतला. तेव्हापासून तो फोन म्हणजेच दादाचं तोंड होतं, आणि ते तोंड भलतंच फटकळ होतं. डॉक्टरांनी सुचवलं, डोळ्यांच्या हो-नाहीच्या खुणा ठरवून ठेवा. फोन म्हणाला, "मी काय चौकातला सिग्नल आहे?" सगळे हसले आणि खुणा राहून गेल्या.

बुधवारी विंडोजने कुणालाही न विचारता स्वतःला नवं करून घेतलं आणि पडदा अडखळायला लागला. दहा वेळा अंगठा टेकवावा तेव्हा एक अक्षर उमटायचं. अख्खी दुपार खपून दादाने एवढंच लिहिलं, "ड्रायव्हर बदल. फर्मवेअर पण. वही बघ."

वहिनीने कपाटातून वही काढून दिली. दादाने हात चालत होते तेव्हा स्वतःसाठी लिहिलेली, त्यामुळे सगळं तुटक. धाकट्याने फोन वायरने लॅपटॉपला जोडला आणि डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी एकेक पायरी वाचत निघाला. आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अंगात मुरलेल्या सूचना. मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि पडदा यांच्यातला दुभाषी. सहा पायऱ्या बिनबोभाट झाल्या. सातव्या पायरीशी अक्षर ओळ सोडून खाली घसरलं होतं आणि पुढची पानं कोरी होती. तिथेच दादाचे हात थांबले होते.

"सातच आहेत ना रे?" धाकट्याने विचारलं. दादा बघत राहिला. बिचारा सांगणार कशाने? ज्याने सांगायचं तेच उघडून ठेवलेलं.

सातव्या पायरीला लॅपटॉप म्हणाला, फोनमध्ये जागा कमी आहे. धाकट्याने आत शोधलं तर एक भलंमोठं फोल्डर निघालं, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं. त्याला हायसं वाटलं. ड्रायव्हरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण जुनी तारीख त्याला कळत होती. वीस वर्षं त्याने एकच शिस्त पाळली होती, मुदत संपलेलं औषध नव्याच्या शेजारी एक दिवसही ठेवायचं नाही.

"दादा, हे जुनं काढून टाकतो. नवं आलंय आता."

दादाने डोळ्यांची उघडझाप सुरू केली. भराभर, थांबेचना.

"कोरडे पडले वाटतं परत," धाकटा म्हणाला. या आजारात डोळे कोरडे पडतात, थेंब तोच आणून द्यायचा. त्याने खिशातली बाटली काढली, दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब सोडले आणि पापण्या मायेने बोटांनी मिटून धरल्या. "मिनिटभर उघडू नकोस. मुरू दे."

डाव्या हाताने पापण्या धरून उजव्या हाताने त्याने फोल्डर पुसलं. पुसलेलं जिथे पडून राहतं ती टोपलीही रिकामी केली. दुकानात टाकून द्यायची गोळ्यांची पाकिटं तो आधी कात्रीने कापायचा, म्हणजे कुणी उचलून परत विकायला नको. हात त्याच वळणाचा होता.

सातवी पायरी पार पडली, फोन बंद होऊन चालू झाला. विंडोज झोकात उघडलं. वहिनीने दादाचा अंगठा पडद्यावर ठेवला. काही नाही. धाकट्याने स्वतःचं बोट दाबून पाहिलं, तर पडदा लगेच चालला. पुन्हा दादाचा अंगठा ठेवला. पडदा ढिम्म.

धाकट्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"अहो, पडदा अंगठा ओळखतो ते माप त्याच फोल्डरमध्ये असणार," तो म्हणाला. "नवे ड्रायव्हर टाकल्यावर ते परत आत घालायचं असतं, शेवटच्या पायरीला."

"टोपलीतून परत काढता येईल?"

"त्या जागेवर नवं उतरवलंत ना? मग गेलं. नवं माप घ्या की."

दादाने ते माप घेतलं तेव्हा अंगठ्यात जोर होता, तरी त्याला चार महिने लागले होते. आता कोण घेणार, आणि कसलं? धाकट्याने फोन ठेवला. ती उघडझाप कोरड्या डोळ्यांची नव्हती हे त्याला आत्ता, इतक्या उशिरा उमगलं आणि स्वतःच्या हातांची शिसारी आली. वहिनी दाराशी उभी होती.

तो पलंगाच्या कडेला बसला.

"दादा, चुकलं माझं. एकच सांग, त्या फोल्डरची दुसरी प्रत कुठे ठेवलीयस का? ठेवली असशील तर डोळे मीट. मग मी घर उलथंपालथं करीन."

दादाने डोळे मिटले नाहीत. धाकटा वाट बघत राहिला. क्षण गेले, मिनिट गेलं. दादाचे डोळे लाल झाले, पाण्याने भरले, पाणी कानशिलांवरून उशीत उतरलं, तरी पापणी हलली नाही.

"अहो, पुरे," वहिनी जवळ येत म्हणाली. "कळलं त्यांना. मिटा आता."

दादा मिटेना. आता पापणी मिटली तर तिचा अर्थ हो होईल आणि धाकटा नसलेली वस्तू शोधत घरभर फिरेल, म्हणून तो जिवाच्या आकांताने डोळे ताणून होता. प्रश्न मागे घेतला, एवढं म्हटलं की दादा सुटणार होता. धाकट्याने दोनदा तोंड उघडलं. ते म्हणायचं म्हणजे दुसरी प्रत नाही हे कबूल करायचं, आणि शब्द काही केल्या फुटत नव्हता.