पुतळाबाईच्या मोगऱ्याचे पाणी

मी पापडी गावातल्या एका वाडीतले जुने बावखल आहे. मित्रांनो, मला विहीर समजू नका. विहिरीला बांधीव काठ असतो, कप्पी असते आणि तोराही असतो. मी म्हणजे मातीत खणलेला मोठा खड्डा, एका बाजूने पाण्यापर्यंत उतरत गेलेला. पावसाचे पाणी मी साठवते आणि जमिनीतून शेजारच्या विहिरींना पोचवते, म्हणून जवळच्या समुद्राचा खार त्यांच्यात शिरत नाही. विहिरीचे पाणी गोड लागले की कौतुक विहिरीचे होते. माझे नाव कोण घेतो?

या वाडीचा मालक आलोशियस; त्याच्या आजोबांनी मला खणले. माझ्या पाण्यावर केळी वाढल्या, पानवेली चढल्या, आणि गावातली पोरे माझ्यातच पोहायला शिकली. पलीकडे पुतळाबाईची मोगऱ्याची वाडी होती. तिची विहीर माझ्याच जिवावर. ती हिंदू, पण ईस्टरला आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, वेदीवरचा मोगरा दरवर्षी तिच्याच वाडीतून जाई.

ऐंशी सालानंतर गावात बंगले उठू लागले. आलोशियसलाही मुलासाठी, प्लासिडसाठी, घर बांधायचे होते. त्याने माझ्यात माती टाकायला घेतली. अर्धी भरती झाली तोच पावसाळा आला आणि काम थांबले. त्या वर्षी पाणी माझ्यात मावेना, सगळे वाहून गेले. मला फार वाईट वाटले.

त्याची बायको इझाबेल म्हणाली, "जागा आपली, पन पानी कोनाचं? पुतळाबाईनं काय करायचं?"

"मी कोनाची चोरी नाय केली. माज्या जागेत माती टाकली," आलोशियस म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांसाला शिवत नसे, देवळातली 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना कधी चुकवत नसे. पण बायबलातल्या दहा आज्ञांत बावखलाचा उल्लेख नाही, मग पाप कसले, असे त्याला वाटे.

पुढच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी पुतळाबाई परडी घेऊन आली. परडीत मूठभर फुले होती, तीही कडेने करपलेली.

"आलोशियस, या वर्साला एवढीच. विहिरीचं पानी मचूळ झालं, कळ्या जळून गेल्या. तुज्या देवाला सांग, रागवू नको म्हनावं."

तिने त्याला बोल लावला नाही. लावला असता तर त्याला सोपे गेले असते.

आलोशियस परडी घेऊन देवळाकडे निघाला आणि वाटेतूनच परतला. परडी इझाबेलच्या हाती देत म्हणाला, "तू ने. माज्या हातानं नाय ठेववत."

सण होताच त्याने फावडे घेतले. माझ्यातली माती निघाली, आणि प्लासिडचे घर अंगणाच्या कोपऱ्यात, लहानसेच झाले. प्लासिड कित्येक दिवस बापाशी बोलला नाही. मोगरा सावरायलाही काही पावसाळे जावे लागले. मग एका ईस्टरला परडी काठोकाठ भरली, आणि आलोशियसने ती स्वतः उचलली.

मित्रांनो, माझी कितीतरी भावंडे आता बुजली आहेत. मलाही उद्याची खात्री नाही. म्हणून एवढेच मागते: वेदीवर फुले ठेवायला जाल, तेव्हा आधी शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी चाखून बघा.