अकरा रिंगा

२००२ साली कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून संघप्रियानं सिलिकॉनचा एक सेन्सर डिझाइन केला. कणांची टक्कर झाल्यावर उडालेला कण नेमका कुठून गेला, ते टिपणारा. नखाएवढ्या जागेत हजारो पिक्सेल. जास्त व्होल्टेज दिलं की असा सेन्सर कडेला दगा देतो, करंट एकदम उसळतो. व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं उतरावं म्हणून तिनं भोवतीनं अकरा बारीक रिंगा आखल्या होत्या. त्यांच्यातली अंतरं ठरवण्यात तिचं दीड वर्ष गेलं होतं.

विभागप्रमुख सयाजी सरांनी आराखडा कारखान्यात पाठवताना चार रिंगा उडवल्या. "पिक्सेल जास्त बसतात," एवढंच बोलले. तिनं लेखी हरकत घेतली. सरांनी कागद न वाचताच फायलीत सारला.

सेन्सर बनून आले आणि दोनशे व्होल्टलाच सगळे गेले. पाचशे सोसायला हवे होते.

तपासायला मुंबईहून समिती आली. समितीसमोर, संघप्रियाच्या देखत सर शांतपणे म्हणाले, "डिझाइन या बाईंचं. कोट्यातून आलेल्यांचं गणित कच्चंच असतं. आम्ही तरी काय करणार?"

संघप्रियाची कानशिलं तापली. तिनं एक सेन्सर मायक्रोस्कोपखाली ठेवून ती समितीच्या अध्यक्षांना म्हणाली, "रिंगा मोजा."

त्यांनी मोजल्या. "सात."

"माझ्या आराखड्यात किती हायत?" कॉलेजातली भाषा रागात कधी गळून पडली, तिला कळलं नाही.

अध्यक्षांनी फायलीतला तिचा मूळ आराखडा उलगडला. "अकरा."

"मग चार कुठं गेल्या, सरांना इचारा."

सरांचा चेहरा उतरला. "संघप्रिया, घरातलं बाहेर काढू नये."

"ह्ये घर न्हाय सर. आणि असतं, तर तुम्ही मला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं व्हय?"

अध्यक्षांनी दोन्ही आकडे अहवालात लिहून घेतले.

पुढचे सेन्सर अकरा रिंगांचे झाले आणि साडेपाचशे व्होल्टपर्यंत टिकले. काम सरांकडून काढून तिच्याकडं दिलं गेलं. सर पेढे घेऊन प्रयोगशाळेत आले. "झालं गेलं सोड आता."

"कोट्याचं ते वाक्य मागं घ्या. समितीला लिहून कळवा."

"एवढ्याशा वाक्यासाठी?"

"व्हय. तेवढ्याशासाठीच."

त्यांनी लिहिलं नाही. तिनं पेढ्याला हात लावला नाही.

वारणानगरला घरी गेल्यावर तिनं सगळं आईला सांगितलं. मीनाबाईंची सारी उमर तिथल्या डेअरीत पिशव्या भरण्यात गेली होती. त्या म्हणाल्या, "काम तुझ्या हातात आलं की गं. राग गेला का?"

"न्हाय आई. जायचा बी न्हाय."

"नगं जाऊ देऊस," मीनाबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात भाकरी वाढली. "पर जेवून घे."