तिसऱ्याचं व्हय

गारखेड्यातल्या ऑफिसात सुदर्शन सकाळपासून एकच गोष्ट चौथ्यांदा सांगत होता. रक्तपेढीचं काम चार सर्व्हरवर चालणार होतं. एकानं पिशवी दिली की बाकीच्या तिघांना लगेच कळायला हवं, नाहीतर तीच पिशवी दुसऱ्या पेशंटच्या नावावर चढणार. चाचणीत दोनदा तसं झालंही होतं. आणि उद्यापासून खरे पेशंट.

"मल्टिकास्टच ठेव," त्याचा साहेब राजेंद्र म्हणाला. "एकानं आरोळी ठोकायची, सगळ्यांनी ऐकायची. नवा सर्व्हर आला तरी काही लिहायला नको. तुझ्या पद्धतीत यादी करा, प्रत्येकाला वेगळं सांगा, उत्तराची वाट बघा. लई झंझट."

"कुणी ऐकलं नाही, हे ओरडणाऱ्याला कळत नाही सर."

"मेसेज गेला ना पण?"

"गेला. पोचला नाही."

"तेच ते."

सुदर्शननं कपाळाला हात लावला. मग उठून त्यानं तिसऱ्या सर्व्हरची नेटवर्कची वायर काढली आणि पहिल्यावरून एक पिशवी दिली. पडद्यावर आलं, मेसेज पाठवला. तिसऱ्यावर तीच पिशवी अजून शिल्लक दिसत होती.

"तू वायरच काढलीस. वायर कशाला निघेल?" राजेंद्र म्हणाला. "एवढा काय हटून बसलायस?"

सुदर्शनला हे बोलायचं नव्हतं. पण दुसरं काही उरलंही नव्हतं.

"माझी बायको सत्यशीला गेली तेव्हा मी पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं. बासष्ट जणांनी हात जोडले. मला वाटलं, सगळ्यांना कळलं. तिचा सख्खा भाऊ अंगद करमाडच्या पुढं मेंढरं घेऊन गेलेला. फोनला रेंज नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी सांगितलं तेव्हा पळत आला. राख तेवढी बघितली. म्हणाला, दाजी, माणूस का नाय धाडला?"

राजेंद्रनं पडद्यावरची नजर त्याच्याकडं वळवली.

"आमच्यात मयताचा सांगावा घेऊन माणूस जातो. घरातलं कुणी व्हय म्हणल्याशिवाय तो दारातून हलत नाही. मला ठाऊक होतं हे. मी बासष्ट मोजत बसलो सर. कोण नाही, ते बघितलंच नाही."

राजेंद्र लोंबणाऱ्या वायरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आणि यादीतला एखादा गप्पच बसला तर? सगळे खोळंबणार?"

"दहा सेकंद थांबायचं, परत विचारायचं. तरी गप्प, तर त्याला वगळून बाकीचे चालू. आणि जो एकटा पडला, त्यानं आपण होऊन पिशव्या देणं बंद करायचं."

"नवा आला आणि नाव घालायला विसरलास तर?"

"तर शिव्या घाला. आज घालताच की."

सुदर्शननं यादी चालू करून पहिल्यावरून आणखी एक पिशवी दिली. वायर तशीच बाहेर. वीस सेकंदांनी पहिल्यावर लाल अक्षरं उमटली: तिसरा उत्तर देत नाही. तिसऱ्यावरून मागून बघितली, तर त्यानं पिशवी द्यायला नकार दिला.

"ठेव बाबा तुझी यादी," राजेंद्र म्हणाला आणि त्यानं फोन काढला. "रक्तपेढीच्या ग्रुपवर टाकतो, पद्धत बदलली म्हणून."

वायर बसवता बसवता सुदर्शनचा हात थांबला. "सर, फोन करा. काउंटरवरच्या चौघांना. एकेकाला."

राजेंद्रनं त्याच्याकडं बघितलं, सुस्कारा सोडला आणि नंबर लावला.

"व्हय म्हणाले का?"

"अरे, उचलू तर दे आधी."